पाणी गोड झाले, पण रान?
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या लेखाची सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करीत आहोत. चूक आमच्या शेतकी विभागाची, आणि तिची किंमत मोजली एका सभासदाने. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू.

तात्यांचे ओढ्याकाठचे दोन एकर काळे रान. एके काळी एकरी टनेजात गटात नाव असलेले. पुढे कालव्याची पाळी, विहिरीचे पाणी आणि वर्षानुवर्षे उसावर ऊस असे होत होत रान बिघडले. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरे फुटू लागले. उगवण ठिपक्याठिपक्यांनी, पानांचे शेंडे करपलेले. माती तपासली. खारवट निघाली. आम्ही सल्ला दिला की ओढ्यापर्यंत चर काढा आणि मे महिन्यात रानात पाणी भरून ठेवा, मीठ धुऊन जाईल.

तात्यांनी तसे केले. रान तापलेले, भेगा अशा की हात कोपरापर्यंत जावा. पाणी सोडले आणि काही तासांतच चर वाहू लागला. पहिले पाणी खारट होते. तिसऱ्या दिवशी आमच्या मीटरवर चराचे पाणी जवळजवळ कालव्याच्या पाण्याइतके गोड आले. आम्ही मोठ्या समाधानाने म्हणालो, "तात्या, रान धुतलं. खुशाल आडसाली लावा."

जुलैत लागण झाली. दोन महिन्यांत पुन्हा तेच ठिपके, तेच करपलेले शेंडे. बेणे गेले, मजुरी गेली, पीककर्ज मात्र उभे राहिले. तात्या गट ऑफिसात आले. भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, चरातलं पाणी गोड झालं. रान कुठं झालं?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. आज देतो.

ढेकळाच्या पोटात

आम्ही तात्यांच्या रानात फूटभर खोल खड्डा घेतला. भेगेच्या कडेची माती वेगळी गोळा केली आणि मोठी ढेकळे फोडून त्यांच्या पोटातली माती वेगळी. दोन्हींची तपासणी केली. भेगेच्या कडेची माती बऱ्यापैकी धुतली गेली होती. ढेकळाच्या पोटातली माती मात्र होती तशीच खारट. आमचे पाणी भेगेभेगेने धावले, कडेचे मीठ घेतले आणि चरात जाऊन पडले. पोटातल्या मिठाला त्याने हातही लावला नाही.

हे समजायला आपल्या कारखान्यातच दाखला आहे. ऊस आधी फायबरायझरमध्ये बारीक होतो, मग मिलमध्ये दाबला जातो. शेवटच्या मिलच्या आधी बगॅसवर गरम पाणी सोडतात, त्याला इंबिबिशन म्हणतात. हे पाणी फुटलेल्या पेशींतला रस चटकन काढून नेते. न फुटलेल्या पेशींतला रस कितीही पाणी ओतले तरी तसाच राहतो, आणि म्हणून बगॅसबरोबर थोडी साखर बॉयलरमध्ये जातेच. चीफ केमिस्टला विचारा, ते सांगतील की नुसते पाणी वाढवून साखर निघत नाही, ऊस नीट बारीक व्हावा लागतो आणि पाण्याला मुरायला वेळ मिळावा लागतो.

रानातले ढेकूळ म्हणजे न फुटलेली पेशी. तात्यांच्या रानात आम्ही ऊस न चिरडताच इंबिबिशन सोडले होते.

नीरा खोऱ्याचा जुना धडा

हा प्रश्न आजचा नाही. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांतच त्याखालच्या काही जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. १९१६ साली पुण्यात सरकारने पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग काढला. कालव्याखालील जमिनींचे पाणथळणे आणि निचरा हे त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकीच होते. तोच विभाग वाढत वाढत पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाला.

म्हणजे ऊस आला, पाणी आले आणि पाठोपाठ मीठही आले, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले आहे. पुढे कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा या भागांतही तेच झाले. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने तेथे भूमिगत निचऱ्यावर काम केले आहे, ते सवड काढून पाहण्यासारखे आहे.

मीठ येते कोठून? त्याचा साधा हिशेब करू. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता १ डेसीसायमन धरली, म्हणजे जुन्या भाषेत १ मिलीम्हो, तर अशा हजार लिटर पाण्यात सुमारे ६४० ग्रॅम क्षार असतात. पाटाने भिजवलेल्या सुरू उसाला हंगामात एकूण २५० सेंटीमीटर पाणी दिले तर एकराला सुमारे एक कोटी लिटर होते. त्यातून येणारे क्षार भरतात साडेसहा टनांच्या आसपास. ऊस पाणी पितो, मीठ फारसे पीत नाही. ते मुळाशी राहते. निचरा असला तर खाली जाते, नसला तर साठते.

आणि उसाला ते फार लवकर बाधते. मुळांच्या थरातील मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता १.७ डेसीसायमनच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक डेसीसायमनला उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटते, असे प्रमाण मानले जाते. आपण जमिनीला 'खारवट' हा शिक्का ४ वर मारतो. तिथे पोचेपर्यंत शंभरातले तेरा-चौदा टन गेलेले असतात, आणि रानावर पांढरे फुटलेलेही नसते!

पळते पाणी आणि थांबलेले पाणी

मीठ धुण्याचे जुने गणित सरळ होते. मातीतले सगळे पाणी म्हणजे एकच हौद. वरून गोडे पाणी ओतले की ते आतल्या खाऱ्या पाण्यात लगेच, सगळीकडे सारखे मिसळते आणि मीठ खाली ढकलले जाते. याला समतोल म्हणतात. हलक्या, वाळूसर जमिनीत हे गणित बरेचसे जुळते. आपल्या भारी काळ्या रानात ते चुकते.

का चुकते याची पहिली खूण फार जुनी आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड केंद्रात १८७० साली अखंड मातीखाली २०, ४० व ६० इंच खोलीवर पाणी धरण्याची सोय केली होती. त्या अनुभवावरून लॉज, गिल्बर्ट व वॉरिंग्टन यांनी १८८२ साली लिहून ठेवले की निचऱ्याचे पाणी दोन जातींचे असते. काही मोठ्या वाटांनी थेट निसटते आणि मातीशी फारसा संबंध न येता खाली जाते, तर काही मातीच्या अंगातून हळूहळू झिरपते.

पुढे १९७६ साली व्हॅन गेनुख्टेन आणि वीरेंगा या दोन शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट गणितात नीट बसवली. त्यांनी मातीतल्या पाण्याचे दोन कप्पे केले. एक पळते पाणी, म्हणजे भेगांतले आणि मोठ्या पोकळ्यांतले. दुसरे थांबलेले पाणी, म्हणजे ढेकळांच्या पोटातले. मीठ वाहून जाते ते फक्त पळत्या पाण्याबरोबर. थांबलेल्या कप्प्यातले मीठ आधी झिरपून पळत्या कप्प्यात यावे लागते, तेव्हाच त्याला वाट मिळते. ही देवघेव दोन्हीकडच्या खारटपणातील फरकाप्रमाणे चालते, पण तिला वेळ लागतो. पाणी त्या वेळापेक्षा जोरात पळाले की समतोल होतच नाही. म्हणून शास्त्रात याला असमतोल क्षारवहन म्हणतात. आज संगणकावर 'हायड्रस'सारखे कार्यक्रम हेच दोन कप्पे धरून हिशेब करतात.

या गणितातून शेतकऱ्याच्या कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली : चराचे पाणी गोड आले याचा अर्थ पळता कप्पा धुतला गेला, एवढाच. थांबलेल्या कप्प्याची खबर त्यात नसते.

दुसरी : ढेकळाची जाडी दुप्पट झाली की आतले मीठ बाहेर यायला चौपट वेळ लागतो. लिंबाएवढ्या ढेकळाला एक दिवस लागतो असे धरले, तर त्याच्या तिप्पट जाडीच्या नारळाएवढ्या ढेकळाला नऊ दिवस लागतील.

तिसरी : पाणी सतत चालू ठेवण्यापेक्षा थांबून थांबून दिले तर कमी पाण्यात जास्त मीठ निघते. मधल्या विश्रांतीत पोटातले मीठ बाहेर भेगेशी येऊन थांबते आणि पुढचे पाणी ते उचलून नेते. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेतील हॉफमन यांनी १९८० साली अनेक ठिकाणचे प्रयोग एकत्र करून ढोबळ प्रमाण दिले. चिकणपोयटा जमिनीत पाणी सतत उभे ठेवले तर एक फूट थरातील ७० टक्के क्षार काढायला सुमारे एक फूट पाणी त्या थरातून खाली जावे लागते. थांबून थांबून दिले तर त्याच्या एक तृतीयांश पुरते. हे आकडे आपल्या रानाला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. दिवस मात्र जास्त लागतात, हेही लक्षात ठेवावे. पाणी वाचवायचे तर वेळ खर्चावा लागतो.

काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. ही माती भिजली की फुगते. पहिले पाणी भेगांतून पळून जाते, मग भेगा मिटतात आणि रान जणू झाकण लावल्यासारखे बंद होते. त्यानंतर पाणी उभे राहते, पण खाली जात नाही. उन्हाने आटते आणि स्वतःचे मीठ मागे ठेवते. मे महिन्यात तात्यांच्या रानात दोन्ही गोष्टी एकामागून एक घडल्या.

खाडीकाठी जे पाहिले

मध्यंतरी निचऱ्याच्या पाईपांची एक खेप भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या गोदामात अडकून पडली, म्हणून आम्हाला तिकडे जावे लागले. पूर्णा, राहनाळ, काल्हेर हा सगळा पट्टा आज गोदामांचा. जिकडे पाहावे तिकडे पत्रे आणि ट्रक. पण काल्हेर-कशेळीकडे गेले की उल्हास नदीची खाडी लागते, आणि खाडीकाठच्या खाऱ्या मातीशी पिढ्यान् पिढ्या झुंज दिलेली माणसे अजून भेटतात. खेप सुटेपर्यंत दिवस काढायचा होता. तो आम्ही एका वयस्कर भातशेतकऱ्यापाशी काढला.

त्या भागात पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर. आपल्याकडे बारामतीच्या बाजूला जेमतेम पाचशे. एवढ्या पावसात मीठ आपोआप जात असेल असे आम्हाला वाटले, आणि तसे बोलूनही दाखवले. आजोबा हसले. त्यांनी सांगितले की पहिल्या मोठ्या सरीवर कधी विसंबायचे नाही. भेगाळलेल्या खाचरातून ती निसटते. बांधाने पावसाचे पाणी अडवायचे, मुरू द्यायचे, मग ओहोटी लागली की उघाडीची झडप उघडून सोडून द्यायचे. पुन्हा भरायचे, पुन्हा थांबायचे, पुन्हा सोडायचे. असे दोन-तीनदा झाले म्हणजे भाताला हात घालायचा.

आम्ही वहीत दोन कप्प्यांचे चित्र काढले होते, ते वहीतच राहिले. ज्याला शास्त्रज्ञ थांबून थांबून धुणे म्हणतात ते इथे भरती-ओहोटीच्या तालावर चालत आले होते. आणखी एक गोष्ट दिसली. उघाडी नसती तर हे सारे फुकट होते. राज्यात १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला, तो मुख्यतः हे बांध आणि उघाड्या राखण्यासाठी. पाण्याला बाहेर जायची वाट हवी, हा पहिला नियम खाडीकाठीही तोच आणि कालव्याखालीही तोच.

मग रानात करायचे काय

१. आधी वाट, मग पाणी. चर किंवा भूमिगत पाईप झाल्याशिवाय मीठ धुवायला पाणी भरू नका. निचरा नसताना भरलेले पाणी खालची पातळी वर आणते आणि मीठ वाढवते. चर एकट्याने काढून भागत नाही. वरच्या बांधाचे पाणी खालच्याच्या रानात येते, तेव्हा ओढ्यापर्यंतची वाट सर्वांनी मिळून करावी.

२. माती खारवट की चोपण, हे तपासून घ्या. सामू ८.५ च्या वर आणि चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर असेल तर नुसत्या गोड्या पाण्याने रान आणखी दगडासारखे होते. तेथे तपासणीत सांगितले जाईल तेवढे जिप्सम वरच्या थरात मिसळून मगच पाणी द्यावे. जोडीला शेणखत, कंपोस्ट, प्रेसमड.

३. ढेकळे फोडा. वाफशावर नांगरट, मग कुळव. पीठ करायचे नाही, पण नारळाचे लिंबू झाले पाहिजे. या वखरणीने भेगांची तोंडेही बुजतात.

४. रान सपाट करून लहान वाफे करा. पहिले पाणी हलके द्या, म्हणजे उरलेल्या भेगा मिटतील. नंतर एका वेळी दोन-अडीच इंच पाणी आणि मध्ये चार-पाच दिवस विश्रांती. विश्रांती एवढी लांबवू नका की पुन्हा भेगा पडतील, कारण सुकताना मीठ वर चढते. तुषार संच असेल तर त्याने सावकाश दिलेले पाणी अधिक चांगले.

५. हे काम मे महिन्यात करू नका. चूक एकदा झाली तेवढी पुरे. पावसाळ्यात करा. पाऊस मुळातच थांबून थांबून पडतो. बांध घालून तो अडवा आणि धैंचा पेरा. धैंच्याची मुळे ढेकळात शिरतात आणि गाडल्यावर माती मोकळी होते.

६. विश्रांतीनंतर चाचणी घ्या. पाणी चालू असताना घेतलेला चराचा नमुना फसवतो. पाणी बंद करा, आठ-दहा दिवस थांबा, पुन्हा पाणी द्या आणि चराला येणारे पहिले पाणी बाटलीत धरा. ते पुन्हा खारट आले तर पोटात मीठ शिल्लक आहे, असे समजा. प्रयोगशाळेतही असमतोल ओळखायला प्रवाह मध्येच थांबवून पाहतात. ही त्याचीच शेतावरची रीत.

७. ठिबक असलेल्या सभासदांनी एक लक्षात ठेवावे. ठिबकमुळे मीठ ओलाव्याच्या कडेला जाऊन साठते. पहिला हलका पाऊस ते परत मुळाशी ढकलतो. म्हणून पहिल्या पावसात संच बंद न करता चालू ठेवावा.

तेच गणित खताला

मीठ निघत नाही म्हणून जो नियम आपल्याला त्रास देतो, तोच खताच्या बाबतीत उपयोगी पडतो. युरिया भेगाळलेल्या रानात वर फेकला आणि मागोमाग भरपूर पाणी सोडले, तर तो विरघळतो आणि पळत्या पाण्याबरोबर भेगेतून निघून जातो. युरियाचे नायट्रेट झाल्यावर तर माती त्याला धरून ठेवतच नाही. उलट खत मातीच्या पोटात गेले तर वरून धावणारे पाणी त्याला सहज उचलू शकत नाही.

खोडव्यात पहारीने छिद्र घेऊन बुडख्यापासून अर्ध्या फुटावर, १५ ते २० सेंटीमीटर खोल खत देण्याची शिफारस राहुरी विद्यापीठाने केली आहे. बरेच सभासद "एवढा खटाटोप कशाला" म्हणून ती टाळतात. खटाटोप एवढ्यासाठीच, की खत पळत्या कप्प्यातून थांबलेल्या कप्प्यात जावे. मीठ काढायचे तर ढेकूळ फोडून पाण्याला थांबवावे आणि खत राखायचे तर ते पोटात घालून पाणी बेताने द्यावे.

तात्यांचे रान आज

तात्यांनी आमच्यावर दुसऱ्यांदा विश्वास टाकला, हा त्यांचा मोठेपणा. त्या वर्षी त्यांनी ऊस लावला नाही. चर खोल केला, जिप्सम मिसळले, पावसाळाभर पाणी अडवून सोडले, धैंचा गाडला. विश्रांतीनंतरचे पाणी पहिल्यांदा खारट आले, दुसऱ्यांदा खारट आले. तिसऱ्या वेळी उतरले. तरीही आम्ही ढेकळे फोडून माती तपासल्याशिवाय "लावा" म्हटले नाही. आज दीड एकरात उगवण सारखी आहे. ओढ्याकडचा कोपरा अजून धरत नाही. तिथे पाईप खोल घालावा लागेल. बुडालेल्या लागणीचे कर्ज फिटायला मात्र दोन हंगाम गेले, आणि ते आमच्या सल्ल्याचे होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

ज्यांच्या रानात उगवण ठिपक्यांनी होते, शेंडे करपतात किंवा काही न दिसताच टनेज दरवर्षी घटते आहे, त्यांनी लागणीची घाई करण्याआधी गट ऑफिसात यावे. येताना विहिरीच्या पाण्याची बाटली आणा, आणि बरोबर रानातले एक अखंड ढेकूळही आणा. आपण ते समोरासमोर फोडून पाहू.